सीपॅप ‘लागले की सुटत नाही’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा : घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, सीपॅप मशीन (झोपेत श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) हा धाकटा व्हेंटिलेटर असून त्याने फुप्फुसे आळशी होतात आणि ते जन्मभर सुटत नाही, रात्री वीज गेली तर माणूस मास्कमध्ये गुदमरतो, २०१६ च्या मोठ्या अभ्यासात या मशीनचा हृदयाला उपयोग नसल्याचे सिद्ध झाले आहे, म्हणून नाकात तूप सोडावे, वजन उतरवावे आणि कंपन्यांच्या नादी लागू नये. यातले काही साफ खोटे आहे आणि काही अर्धे खरे. मी हे मशीन रोज रात्री लावून झोपतो, आणि त्या अर्ध्या खऱ्याची मला अधिक काळजी वाटते.

घोरणाऱ्या प्रत्येकाला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार, असतोच असे नाही, हे आधी मान्य करू. पण ज्याला तो असतो त्याची झोप गाढ नसते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जिभेच्या आणि मऊ टाळूच्या मागची वाट मिटते आणि श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो किंवा अगदी उथळ होतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, मोठा घरघराट होऊन श्वास पुन्हा सुरू होतो, आणि सकाळी त्या माणसाला यातले काहीच आठवत नाही. असे प्रसंग तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० च्या वर गेले तर तीव्र धरतात. हा आकडा स्लीप स्टडीतूनच, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीतूनच कळतो. घोरण्याच्या आवाजावरून तो काढता येत नाही. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या किंवा महामार्गावरून खंबाटकी घाट उतरणाऱ्या चालकाला हा आजार असेल, तर ‘तुला झोप छान लागते’ असे त्याला सांगणे हे निव्वळ अज्ञान राहत नाही, त्यात धोका आहे.

व्हेंटिलेटरशी केलेली तुलना चुकीची आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये हा उपचार प्रथम करून पाहिला आणि १९८१ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्यामागचे तत्त्व तेच आहे : खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून आत सोडायची, म्हणजे घशाची वाट मिटत नाही. हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. वातावरणाचा दाब याच मापात हजाराच्या वर भरतो. श्वास माणूस स्वतःच घेतो, त्यामुळे फुप्फुसे आळशी होण्याचा प्रश्न येत नाही.

‘सुटत नाही’ हे मात्र तपासून पाहावे लागेल. मशीन बंद केले की काही रात्रींतच श्वास पूर्वीसारखा अडखळू लागतो, हे खरे आहे. पण तो पूर्वीसारखा अडखळतो, पूर्वीपेक्षा जास्त नव्हे. सीपॅप चेहऱ्यावर असेपर्यंतच काम करते. ते आजार मुळातून काढत नाही आणि तसा दावाही कोणी जाणता डॉक्टर करत नाही. याला व्यसन म्हणता येणार नाही. पुरेसे वजन उतरल्यावर, शस्त्रक्रियेनंतर किंवा खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरण लागू पडल्यावर पुन्हा स्लीप स्टडी होते आणि काहींचे मशीन रीतसर बंदही होते.

मशीन चेहऱ्यावर असेपर्यंतच काम करते, याच गोष्टीने २०१६ च्या अभ्यासाचे कोडेही उलगडते. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवर तो झाला आणि सीपॅपमुळे हृदयविकार किंवा पक्षाघाताचे प्रसंग कमी झालेले आढळले नाहीत, एवढे संदेशात बरोबर आहे. संदेश पुढचे गाळतो. त्या रुग्णांनी मशीन रात्रीतून सरासरी अवघे ३.३ तास लावले होते. दिवसा अतिशय झोप येणाऱ्यांना अभ्यासात घेतलेच नव्हते. आणि तरीही घोरणे व दिवसाची पेंग कमी झाली, रोजचे जगणे सुधारले. मशीन लावल्याने हृदयविकार टळेलच, अशी हमी कोणी देत असेल तर त्यालाही हा अभ्यास दाखवावा. मात्र त्यावरून मशीन निरुपयोगी ठरवता येत नाही.

लोक मशीन मध्येच काढून ठेवतात, त्याला कारणे आहेत. मास्क एक माप मोठा असला तर नाकाच्या वरच्या कडेतून हवा निसटून थेट डोळ्यात जाते. म्हणून पट्टा करकचून आवळला जातो, सकाळी गालावर वळ उठतात आणि हवा तरीही निसटतेच. नाक कोरडे पडते, कधी पोटात हवा भरते. यावर उपाय मास्कचे माप बदलणे, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) लावणे आणि दाब तपासून घेणे हा आहे. विक्रेत्याने मशीन घरपोच करून पाठ फिरवली की हे सारे राहून जाते.

विजेची भीती स्वाभाविक आहे. २०१९ च्या महापुरातला अंधार सांगलीकर विसरलेले नाहीत. पण मास्कच्या पुढे बारीक छिद्रे असतात, तिथे तळहात धरला की बाहेर पडणारी हवा लागते. तोंडही झाकणाऱ्या मास्कला, मशीन थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. नुसत्या नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. वीज गेल्यावर बहुधा जागच येते. इन्व्हर्टर असेल तर ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवावा, म्हणजे वीज बरीच कमी लागते.

तुपाने नाकाचा कोरडेपणा जाईल, पण अडथळा घशात आहे. वजनाचा सल्ला मात्र रास्त आहे, फक्त त्याचे गणित मांडून पाहावे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १० टक्के वजन उतरले की तासाचे प्रसंग सुमारे २६ टक्क्यांनी घटतात. म्हणजे ४० चे ३० होतील, आणि तेवढे वजन उतरेपर्यंतच्या रात्री तशाच काढायच्या का, याचे उत्तर संदेशात नाही. शिवाय लहान जबड्याच्या सडपातळ माणसांनाही हा आजार होतो.

कंपन्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे मलाही मान्य आहे. जून २०२१ मध्ये ही मशीन बनवणाऱ्या फिलिप्स कंपनीने आवाज दाबणाऱ्या फोमचा भुगा होत असल्यामुळे आपली लाखो मशीन परत बोलावली होती. त्यामुळे कोणी जुने मशीन स्वस्तात देऊ केले, तर त्याचे मॉडेल आणि अनुक्रमांक परत बोलावलेल्या मशीनच्या यादीशी ताडून पाहावेत, मास्क आणि नळी नवीनच घ्यावी, आणि आधीच्या मालकासाठी ठरवलेला दाब डॉक्टरांकडून आपल्या स्लीप स्टडीप्रमाणे बदलून घ्यावा.