फिरतो, पण सरकत नाही

आमच्या महाविद्यालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) 'डिफरन्शियल स्क्रू, नग 1' या नोंदीपुढे परवा लाल शाईने 'नादुरुस्त : फिरतो, पण सरकत नाही' असा शेरा पडला, आणि तो मारताना पडताळणी समितीचे सदस्य माझ्याच खर्चाचा चहा पीत होते, हे मला अजून पचलेले नाही.

सदस्य म्हणजे नाना. एरवी ते क्रीडा साहित्याचे भांडार सांभाळतात, परंतु मार्चअखेरीस सगळ्या विभागांच्या वस्तू मोजण्याचे काम त्यांच्याकडे येते आणि ते काम ते चेंडूत हवा आहे की नाही हे पाहण्याच्या पद्धतीनेच करतात, म्हणजे दाबून. प्रकाशशास्त्राच्या अंधाऱ्या खोलीत आरसा अगदी किंचित कलवण्यासाठी त्याच्या चौकटीमागे बसवलेला तो स्क्रू त्यांनी चिमटीत धरला, एक फेरा दिला, चष्मा कपाळावर चढवून निरखला आणि अहिराणीत निकाल दिला, "सर, हाऊ फिरी र्‍हायना, पन सरकी नही र्‍हायना."

मी समजावू लागलो. यात एकाच दिशेचे दोन आटे असतात : बाहेरचा 0.5 मिलिमीटर पिचचा (म्हणजे एका फेऱ्यात तेवढा सरकणारा) आणि आतला 0.45 मिलिमीटरचा. मूठ एक फेरा फिरली की ती अर्धा मिलिमीटर पुढे जाते, पण त्याच फेऱ्यात न फिरणारे टोक 0.45 मिलिमीटर आत ओढले जाते, आणि पदरात पडतो तो फक्त फरक, म्हणजे 0.05 मिलिमीटर, अर्थात 50 मायक्रॉन. एवढ्या बारीक पिचचा एकच आटा पाडणे जवळपास अशक्य, पाडला तरी टिकणार नाही. म्हणून ही वजाबाकी. नानांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, तेव्हा मी म्हणालो, "पगार येतो आणि त्याच दिवशी सोसायटीचा हप्ता कापला जातो, तसे समजा."

"म्हणजे हा स्क्रूही कर्जबाजारी," नाना म्हणाले आणि त्यांनी ते कच्च्या वहीत टिपून घेतले.

मग मी पुरावाच दाखवायचे ठरवले. स्क्रू आधारबिंदूपासून 50 मिलिमीटरवर आहे. त्यामुळे एका फेऱ्यात आरसा जितका कलतो त्याच्या दुपटीने परावर्तित किरण वळतो आणि 5 मीटरवरच्या भिंतीवरचा लाल ठिपका एक सेंटिमीटर सरकतो. अर्ध्या मिलिमीटरचा साधा स्क्रू असता तर तोच ठिपका दहा सेंटिमीटर पळाला असता आणि त्याला सूक्ष्म छिद्रात बसवता बसवता माझी विद्यार्थ्यांसमोरची भाषा बिघडली असती. मी म्हणालो, "स्क्रूकडे पाहू नका, भिंतीकडे पाहा."

नानांनी यादी उघडली, वरून खाली बोट फिरवले आणि शांतपणे म्हणाले, "भिंत माझ्या यादीत नाही, सर. भिंत बांधकामाकडे."

एवढ्यावर थांबते तर मी हा लेख लिहिला नसता. त्यांनी मूठ फिरवतच ठेवली. या स्क्रूची बारीक हालचाल मोजक्याच फेऱ्यांची असते, कारण टोक चौथाई मिलिमीटर सरकायला मुठीला स्वतः अडीच मिलिमीटर प्रवास करावा लागतो. पाच फेऱ्यांत तो शेवटाला जाऊन ठेपला. "आता तर जामच झाला," असे म्हणून त्यांनी जोर लावला. दुपारभर कूलर बंद ठेवून (त्याच्या थरथरीने ठिपका नाचतो) जळगावच्या उन्हाळ्यात घाम पुसत जुळवलेली सगळी मांडणी तेथेच संपली. वातानुकूलन यंत्र रजिस्टरे ठेवण्याच्या खोलीत आहे. उष्णतेने कागद खराब होतो म्हणे. अॅल्युमिनियमची 10 सेंटिमीटरची चौकट एका अंशाला दोन मायक्रॉनहून अधिक वाढते, हे मी अर्जात लिहिले होते. त्या अर्जावर 'पाहिले' अशी सही होऊन तो परत आला.

शेरा खोडायला समितीची बैठक लागते आणि ती पुढच्या मार्चमध्ये. मधल्या काळात नादुरुस्त वस्तूवर प्रात्यक्षिक घेतल्यास लेखापरीक्षणात जबाबदारी माझी, आणि न घेतल्यास विद्यार्थ्यांची तक्रार, तीही माझ्याविरुद्धच. हे नानांना ऐकवले, तर ते दाराशी थांबून काळजीने म्हणाले, "तोवर फिरवू नका, सर. सरकला-बिरकला तर शेरा खोटा ठरेल."