टक्कल पडलेली नवरी

अमेरिकेतल्या सिएटलला फार पाऊस पडतो, ही अफवा आहे. वर्षाकाठी इथं साधारण १००० मिलिमीटर पडतो. आमच्या चिपळुणात तेवढा एकट्या जुलैत पडून जातो, शिवाय वाशिष्ठीची बाजारपेठेत एखादी चक्कर होते ती वेगळीच. इथला पाऊस मात्र तेवढंच पाणी ऑक्टोबर ते एप्रिल पुरवून पुरवून वापरतो. पडतोय म्हणावं तर आवाज नाही, थांबला म्हणावं तर चष्मा ओला. गडगडाट नाही, बेडूक नाहीत, पत्र्यावर ताशा नाही. छत्री उघडली की लोक ओळखतात, हा नवीन आलाय. 'पाऊस आला की भजी' हा कुळाचार मी पहिल्या हिवाळ्यात निष्ठेने पाळला. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि तो बंद पडला.

अर्थात छळ पावसाचा नाही, त्याच्या वेळापत्रकाचा आहे. आपल्याकडे ऊब आणि पाणी हातात हात घालून येतात, म्हणून जूनमध्ये कुंपणाची काठीसुद्धा पालवते. इथं पाऊस असतो तेव्हा ऊन नसतं आणि ऊन येतं तेव्हा पाऊस पसार. उन्हाळ्यात प्रशांत महासागरावर जास्त दाबाचा एक पट्टा ठाण मांडून बसतो आणि सगळी वादळं उत्तरेला अलास्काकडे हाकलतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकला की तीच वादळं रांग लावून आमच्याकडे येतात. पश्चिमेला ऑलिंपिक डोंगर आहे म्हणून थोडक्यात निभावतं. डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला, होह नावाच्या जंगलात, ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. अलीकडच्या सेक्विम गावात जेमतेम ४००. महाबळेश्वर आणि फलटणचाच प्रकार. सिएटल मधल्यामधे लोंबकळतं. जुलै-ऑगस्ट मिळून इथं ४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. थोडक्यात, ऐन श्रावणात मी पिवळ्या पडलेल्या हिरवळीवर रबरी नळी घेऊन उभा असतो.

शेजारी एक आजोबा राहतात. जन्म बोइंगच्या नोकरीत गेला, आता बागेत जातो. त्यांचं पंचांग सोपं आहे: चार जुलैचे, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाचे, फटाके ढगात उडवायचे आणि पाच जुलैला अर्धी चड्डी घालायची. त्याआधी टोमॅटो लावणारा माणूस त्यांच्या लेखी परदेशी. (मी आहेच.) दरवर्षी मेमध्ये मी रोपं लावतो आणि जून संपेपर्यंत ती थंडीने आहे तेवढीच राहतात. सप्टेंबरात झाड हिरव्यागार टोमॅटोंनी लगडतं. आता आठवडाभर ऊन पडलं की लाल, असं आपण म्हणायला आणि पाऊस सुरू व्हायला एकच गाठ पडते. पानांवर काळे डाग पडतात आणि दोन-चार दिवसांत करपा अख्खं झाड घेऊन जातो. म्हणून ऑक्टोबरात इथल्या कुठल्याही मराठी घरी जा, ताटात डावीकडे हिरव्या टोमॅटोची चटणी असणारच. भाजलेले तीळ, शेंगदाणे, लसूण, चमचाभर गूळ. चटणी उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका टोमॅटोमागे माती, खत, काठी आणि पाण्याचं बिल धरलं तर ती चटणी केशराच्या भावात जाते.

कोथिंबिरीचं दुखणं उलटं. जूनमध्ये इथं सोळा तास उजेड असतो. त्या उजेडाने ती बिचारी भांबावते, पानांच्या फंदातच पडत नाही, थेट तुरा काढते. पेरताना धणे, काढतानाही धणे.

जे पानं धरतं ते गोगलगायींचं. शंखाशिवायच्या, करंगळीएवढ्या, रात्री टॉर्च मारला की मेथीच्या वाफ्यात चमकणाऱ्या. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. आजोबांनी उपाय सांगितला: मातीत वाटी पुरायची, तीत बिअर ओतायची, त्या वासाने येतात आणि बुडतात. उपाय गुणकारी आहे. फक्त बायको एवढंच म्हणाली, "माझा भाऊ आला तेव्हा घरात बिअर नव्हती."

या सगळ्यातून बारा महिने तगणारी भाजी एकच, केल नावाची कोबीच्या कुळातली पालेभाजी. गोठली तरी मरत नाही, उलट गोड होते. आजोबा हिवाळाभर पिशव्या भरभरून आणून देतात. आम्ही पीठ पेरून करून बघितली, डाळ घालून बघितली, थालीपिठात लपवून बघितली. केल ती केलच राहिली.

तर या असल्या गावात माझ्याकडे एक कढीपत्ता आहे आणि एक तुळस. पारा दहाच्या खाली गेला की तुळशीची पानं काळी पडतात, त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की दोघांची वरात दिवाणखान्यात. मे महिन्यात परत बाहेर. तेही एकदम नाही. आधी तासभर, मग दोन तास, बालवाडीत पोर रमवावं तसं. घरात आल्या दिवसापासून कढीपत्ता रुसून पानं टाकतो आणि कुंडीतल्या ओल्या मातीतून चिलटं उठतात. ती पकडायला पिवळे चिकट कागद लावले आहेत. त्यांना आजवर सर्वांत जास्त माझी बाही चिकटली आहे. कढीपत्त्याला मी खूश बघितलंय ते एकदाच. २८ जून २०२१ ला इथं पारा ४२ अंशांवर गेला होता. बिनएसीच्या घरात आम्ही डोक्यावर ओले टॉवेल घेऊन बसलो होतो आणि बाहेर हा पठ्ठ्या नवी पालवी काढत होता.

डिसेंबरात सूर्य चार वाजून वीस मिनिटांना मावळतो. मावळायला तो दिवसभर कुठं दिसलेला असतो असंही नाही. म्हणून झाडांसाठी एक जांभळा दिवा आणला. आता संध्याकाळी रस्त्यावरून आमचा दिवाणखाना लावणीच्या फडासारखा दिसतो. पहिल्याच आठवड्यात आजोबांनी मला कोपऱ्यात घेतलं. या राज्यात २०१२ च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला आहे, दुकानात राजरोस मिळतो, पण घरी लावायचा तर औषधासाठी असावा लागतो. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "डॉक्टरची चिठ्ठी आहे ना तुझ्याकडे?"

मी म्हटलं, तसलं काही नाही, ही आमची तुळस. देवी आहे. पुढच्या आठवड्यात हिचं लग्न आहे.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. चिठ्ठीचं उत्तर त्यांना बहुधा मिळालं होतं.

कार्तिकातली द्वादशी साधारण नोव्हेंबरात येते, आणि नोव्हेंबर म्हणजे इथला सगळ्यात ओला महिना. तोवर तुळशीला टक्कल पडलेलं असतं. शेंड्याला चार पानं, खाली नुसती काडी. बायकोने तिला खणाचा तुकडा असा काही गुंडाळला की काडी झाकली जावी. मांडवाला ऊस हवा. व्हिएतनामी दुकानात मिळाला तो सोललेला, वीतभर तुकडे केलेला, गोठवलेला. मांडव बाळकृष्णाच्या डोक्याला लागत होता. गोरज मुहूर्त साडेचारला आला. त्या वेळी माझी मीटिंग असते. कॅमेरा बंद, माइक बंद, मूठभर अक्षता घेऊन मी उभा. चिपळुणात तेव्हा सकाळचे सहा. आई फोनवर चहा घेत होती.

"अरे, ही नवरी आहे की उदबत्ती?"

"आई, इथं ऊन नाही."

"ऊन नाही तर लग्नाआधी खत तरी घालायचंस. मुलाकडचे काय म्हणतील?"

मुलाकडचे मीच होतो, आणि मुलीकडचाही. तेवढ्यात बेल वाजली. दारात आजोबा, रेनकोटवरून पाणी ठिबकतंय, आतून चक्क टाय. लग्नाचं बोलावणं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांच्या हातात अक्षता दिल्या. 'सावधान'ला त्यांनी त्या अशा काही नेम धरून मारल्या की शेंड्याच्या चारातलं एक पान गळलं. तिकडून आईने पदर तोंडाला लावला. मग आजोबांनी अदबीने विचारलं, मधुचंद्राला कुठं? बायको म्हणाली, मे महिन्यापर्यंत याच खोलीत.

निघताना त्यांनी रेनकोटच्या आतून अहेराची पिशवी काढली. रात्री पंगतीला पीठ पेरून केलचीच भाजी होती.