ताई, फॅमिली सेक्शन वर आहे

मुंबई-पुण्यातल्या 'एकदा तरी जायलाच पाहिजे' अशा बारच्या याद्या मला पाठवणं बंद करा. लोअर परळचं रूफटॉप, कोरेगाव पार्कातले पब, बालेवाडी हाय स्ट्रीटला शनिवारची गर्दी, सगळं पाठ झालंय माझं. मी राहते छत्रपती संभाजीनगरात. ऑफिस सुटल्यावर मैत्रिणींसोबत निवांत एक गार बिअर पिता येईल अशी जालना रोडवरची जागा सांगा. सांगा की!

आणि हे कुठल्या गावात, तर बिअर बनते त्या गावात. इथल्या वाळूजच्या एमआयडीसीत बिअरचे कारखाने चालतात, गाड्या भरभरून माल बाहेर जातो. २०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तेव्हा इकडच्या दारू कारखान्यांचं पाणी कमी करायला हायकोर्टाला आदेश काढावा लागला होता. पाणी आमचं, नळाची वाट बघत दिवस दिवस काढायचे ते आम्ही, आणि बाटली उघडून बसायचं म्हटलं की बायकांनी मुकाट जिना चढायचा.

मागच्या शुक्रवारी मैत्रिणीच्या प्रमोशनची पार्टी म्हणून आम्ही चौघी एका परमिट रूममध्ये गेलो. नाव सांगत नाही, दुसऱ्या बारात गेलो असतो तरी हेच झालं असतं. दारातच वेटर आडवा. "ताई, फॅमिली सेक्शन वर आहे." म्हटलं, खाली टेबलं रिकामी दिसतायत ना. "लेडीज लोकायला वरच बसावं लागतंय. शेठ वरडतेत." आणि मग आवाज खाली करून, "सोबत जेंट्स नाहीत का कोणी?"

जेंट्स कशाला पाहिजेत बाबा? बाटली उघडायला? या राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९चा आहे. त्यात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांत मिळतो. सौम्य बिअरला वय २१, कडक दारूला २५. वय लिहिलंय, नवरा किंवा भाऊ सोबत आणा असं कुठंही लिहिलेलं नाही. बरं, तो ५ रुपयांचा परवाना खालच्या एकाही टेबलावर कुणी विचारत नव्हतं. चौकशी सगळी आमचीच.

वर गेलो. प्लायवूडचे कप्पे, मळका पडदा, हिरवट दिवा. एसी बंद, पण मेन्यूकार्ड एसीचं, म्हणजे खालच्यापेक्षा प्रत्येक बाटलीला आणि मसाला पापडालासुद्धा जादा दर. बिअर आली ती पेपरात गुंडाळून, सोबत स्टीलचे ग्लास! लपवतोयस कुणापासून रे? पडद्याच्या आत आम्हीच बसलोय! त्यात दर थोड्या वेळानं कुणीतरी पडदा बाजूला सारून "सॉरी, चुकून" म्हणणार. प्रत्येक वेळी चुकून. खाली दिव्याखाली चार लोकांच्या नजरेसमोर बसलो असतो तर जास्त सुरक्षित वाटलं असतं, ही साधी गोष्ट या शेठ लोकांच्या डोक्यात का शिरत नाही काय की.

बिलात सर्व्हिस चार्ज. परस्पर लावता येत नाही, २०२२चा तसा नियम आहे, असं म्हटलं तर उत्तर काय, "फॅमिलीला लागतोच, ताई." बंद एसीचे पैसे आणि "सॉरी, चुकून"चेही पैसे!

पुण्यात लई स्वर्ग आहे असं समजू नका. तिथं लेडीज नाइटला मुलींना दारू फुकट. का? प्रेमानं नाही. मुली आत दिसल्या की पोरं कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, भरून येतात म्हणून. आणि इकडून नांदेड-परभणीहून शिकायला गेलेली पोरं दारात अडकतात, स्टॅग अलाउड नाही, म्हणजे सोबत मुलगी नसेल तर पोराला आत सोडत नाहीत. माझा मावसभाऊ वर्गातल्या मुलीला विनवत होता, फक्त आत जाईपर्यंत सोबत चल, मग तू तुझ्या वाटेनं जा. गेली बिचारी. तरीपण नोकरी नसलेल्या त्या पोराला कव्हर चार्ज भरावा लागला, हे वेगळंच. पण निदान तिथं बाईला खाली, उजेडात, टेबल मिळतं. मी तेवढंच मागतेय.

आणि बाथरूम! वरच्या मजल्यावर 'लेडीज' अशी पाटी, दाराला कुलूप. चावी काउंटरला. म्हणजे अख्ख्या खालच्या हॉलमधून, सगळ्या टेबलांसमोरून चावी मागायला जायचं. ज्या हॉलमध्ये आम्हाला बसायला मनाई, त्याच हॉलमधून! चावी आणली, दार उघडलं, तर आत छतापर्यंत रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. मॅनेजरला विचारलं हे काय आहे, तर तो शांतपणे म्हणतो, "ताई, लेडीज येतच नाहीत ना आपल्याकडं."