तुटलेली स्प्रिंग, 390 डॉलर आणि एक तारा: आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या गॅरेज-दार दुरुस्तीच्या कामाबद्दलचा तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू ऑफिसात आम्ही सगळ्यांनी वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासची आपली बरीच मंडळी हे वाचतील आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या गॅरेजमध्ये आज ना उद्या हेच होणार आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मंगळवारी रात्री गॅरेजमध्ये मोठा आवाज झाला, पाहिलं तर दारावरच्या दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली होती. तुम्ही ऑनलाइन एक स्प्रिंग मागवलीत, व्हिडिओ पाहिलेत आणि स्वतः बसवायला सुरुवात केलीत, पण जमेना. शनिवारी सकाळी आई-बाबांना आणायला नुवार्क एअरपोर्टला जायचं होतं आणि गाडी आत अडकलेली. आमच्या माणसाने फोनवर दार उचलायची युक्ती सांगायला नकार दिला. दुपारी आलेल्या मुलाने तुम्ही आणलेली स्प्रिंग बसवली नाही, एक तुटलेली असताना दोन्ही बदलल्या आणि तासाभराच्या कामाचे 390 डॉलर घेतले. "मराठी माणसाकडून ही अपेक्षा नव्हती," असं शेवटी लिहिलंत.

आई-बाबांना एअरपोर्टवर ताटकळावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. इतका लांबचा प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना बॅगा घेऊन थांबावं लागलं की मुलाच्या जिवाची काय घालमेल होते, हे मला समजतं. तरीही फोनवर दिलेला नकार योग्यच होता. उद्या दुसऱ्या कोणाचा फोन आला तरी आमचा माणूस तेच सांगेल.

पुष्कळ लोकांना वाटतं की छताला टांगलेला ओपनर, म्हणजे बटणावर चालणारी मोटर, दार उचलतो. तसं नाही. ओपनर दाराला फक्त ढकलतो आणि ओढतो. वजन पेलते ती स्प्रिंग. तुमचं दार दोन गाड्यांचं, 16 बाय 7 फुटांचं, इन्सुलेशन आणि काचा असलेलं. आमच्या मुलाने ते तोललं तेव्हा 200 पौंडांच्या आसपास भरलं. दोन्ही स्प्रिंग धड असतात तेव्हा हेच दार एका हाताने वर जातं, म्हणून त्याच्या वजनाची कल्पनाच येत नाही. एक स्प्रिंग गेली की 100 पौंड कोणीच पेललेले नसतात. अशा वेळी बटण दाबलं तर ओपनरमधलं प्लास्टिकचं गिअर झिजतं, किंवा जिथे त्याचा दांडा जोडलेला असतो तिथे वरचं पॅनल वाकतं. स्प्रिंगच्या बिलात मग ओपनरची भर पडते. आणि दार कसंबसं अर्धं वर गेलं असताना कोणी दार ओपनरपासून सोडवणारा लाल दोर ओढला, तर ते सगळं वजन खाली येतं. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत जे सेन्सर असतात, ते इथे वाचवत नाहीत. 1993 पासून या देशात बनणाऱ्या घरगुती ओपनरना माणूस दाराखाली सापडू नये यासाठीची जी सोय सक्तीची आहे, त्यातलेच हे सेन्सर. पण ते ओपनरला थांबवतात आणि उलटा फिरवतात. ओपनरपासून सुटलेल्या दाराला ते काय करणार? म्हणून फोनवर सांगितलं, "बटण दाबू नका, दोर ओढू नका, आम्ही येतो, तोवर टॅक्सी बोलवा." एवढंच सांगणं आमच्या हातात होतं.

आता तुम्ही स्वतः केलेल्या प्रयत्नाबद्दल. ते तुम्हीच लिहिलंय, म्हणून इथे बोलतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तुटलेली स्प्रिंग धोक्याची नसते. तिची ताकद त्या आवाजाबरोबरच निघून गेलेली असते. धोक्याची असते ती शेजारची, न तुटलेली. दार बंद असताना ती पूर्ण पिळलेली असते. सात फुटी दाराला साधारण साडेसात फेरे. चावीच्या खेळण्याला चावी भरावी तसेच हे फेरे भरलेले असतात, फरक इतकाच की ही चावी निसटली तर हाड मोडतं. तुटलेली स्प्रिंग काढायची तर दोन्ही ज्या दांड्यावर बसवलेल्या असतात तो मोकळा करावा लागतो, आणि त्यासाठी आधी चांगल्या स्प्रिंगचा पीळ पाव-पाव फेरा उतरवावा लागतो. हे काम अर्धा इंच जाडीच्या, दीड फूट लांबीच्या दोन पोलादी सळ्यांनी करतात. एक सळी पक्की बसल्याशिवाय दुसरी काढायची नाही, आणि शरीर सळीच्या फिरण्याच्या वाटेत ठेवायचं नाही. तुमच्या चांगल्या स्प्रिंगच्या टोकावर शंकूसारखा जो तुकडा असतो, ज्यात या सळ्या घालतात, त्याला स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते आणि त्याला दांड्यावर आवळून धरणाऱ्या दोनपैकी एक सेट-स्क्रू सैल केलेला होता. दुसरा सैल केला असतात तर स्क्रूड्रायव्हर हातातून सुटून गरगर फिरला असता, आणि तुमचा चेहरा शिडीवर नेमका त्याच उंचीला होता. आमचा मुलगा ते पाहून आधी तुम्हाला शिडीपासून लांब उभं करायला लागला. तुम्हाला ते उद्धट वाटलं. त्याने ते काळजीपोटी केलं आणि मी त्याच्या पाठीशी आहे.

तुम्ही आणलेली स्प्रिंग का बसवली नाही? स्प्रिंगची लांबी आणि आतला व्यास दोन्ही जुळत होते, म्हणून तुम्हाला ती बरोबर वाटली. तसं कोणालाही वाटेल. पण खरं माप तारेच्या जाडीचं असतं. ते दहा वेटोळी एकत्र मोजून काढतात, कारण एकट्या तारेत फरक डोळ्यांना कळत नाही. तुमच्या जुन्या स्प्रिंगची दहा वेटोळी अडीच इंच भरली, म्हणजे तार 0.250 इंचाची. नवीन स्प्रिंगची भरली सव्वादोन इंच, म्हणजे 0.225. फरक किरकोळ वाटतो, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. त्या हिशेबाने तुमची स्प्रिंग मूळच्या स्प्रिंगपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक कमजोर होती. जास्त फेरे पिळून ही कसर भरून काढता येत नाही. तसं केलं तर दार वर गेल्यावर नीट थांबत नाही आणि स्प्रिंगही लवकर तुटते. आमच्या मुलाने ही मापं तुमच्यासमोर टेप लावून दाखवली होती. ती स्प्रिंग न वापरलेली आहे, दुकानदार परत घेत असेल तर जरूर परत करा.

दोन्ही का बदलल्या, हा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येकाने विचारायलाच हवा. घरगुती दाराच्या साध्या स्प्रिंग साधारण 10,000 वेळा दार उघडून-मिटेपर्यंत टिकतील अशा बेताने बनवतात. नवरा-बायको दोघं कामाला, मुलांना शाळेत-क्लासला नेणं-आणणं, म्हणजे दार दिवसातून चार वेळा तरी उघडतंच. वर्षाचे 1,460 होतात आणि सातवं वर्ष संपण्याआधी 10,000 भरतात. तुमच्या दोन्ही स्प्रिंग एकाच दिवशी बसवलेल्या होत्या आणि तेवढ्याच वेळा पिळल्या-सुटल्या होत्या. एकच बदलली असती तर दुसरी फार दिवस टिकली नसती, आणि मग पुन्हा गाडी अडकली असती, पुन्हा आमच्या येण्याचे पैसे पडले असते. न तुटलेल्या स्प्रिंगचा पीळ आम्हाला तसाही उतरवावाच लागणार होता, त्यामुळे दुसरीची मजुरी आम्ही वेगळी लावली नाही. बिलावर पाहा, दुसऱ्या स्प्रिंगची फक्त किंमत आहे. एकच बदलायचा आकडाही कोटेशनमध्ये लिहिला होता. त्या दोन आकड्यांतून तुम्ही हा निवडलात आणि काम सुरू होण्याआधी सही केलीत.

त्या 390 डॉलरमध्ये दोन स्प्रिंग, झिजलेलं मधलं बेअरिंग, केबलची तपासणी, ओपनरचा जोर पुन्हा लावणं आणि शनिवारी त्याच दिवशी येणं आहे. त्यात त्या मुलाचा पगार आहे आणि कामावर त्याला इजा झाली तर त्याच्या घरच्यांना पुरेल असा विमाही आहे. विमा न काढता निम्म्या पैशात काम करणारे लोक मिळतात, मला माहीत आहे. माझ्या माणसांना मी तसं शिडीवर चढवणार नाही. तासाभरात काम झालं म्हणून ते सोपं होतं, असं नाही. ते काम येणाऱ्या माणसाने केलं म्हणून तासाभरात झालं.

राहिली मराठी माणसाकडून असलेली अपेक्षा. आपलेपणाचा अर्थ मी असा घेतो की तुमच्या घरी मी तेच करावं जे माझ्या बहिणीच्या घरी केलं असतं. तिच्याकडेही मी दोन्ही स्प्रिंग बदलल्या असत्या, आणि तिलाही शिडीवरून खाली उतरवलं असतं.

पैसे परत करा असं तुम्ही म्हटलंय, ते मी करणार नाही, कारण ज्याचे पैसे घेतले ते काम झालेलं आहे आणि चांगलं झालेलं आहे. ते तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. दार पूर्ण बंद असताना लाल दोर ओढून ओपनर सोडवा, दार हाताने कंबरेपर्यंत उचला आणि हळूच हात सैल करा. ते तिथेच थांबायला हवं. खाली घसरत असेल किंवा आपोआप वर जात असेल तर मला फोन करा, मी स्वतः येऊन दुरुस्त करीन, त्याचे पैसे नाहीत. थंडी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दोन्ही स्प्रिंगांवर सिलिकॉनचा स्प्रे मारत जा. गंज वेटोळ्यांना खातो आणि कडाक्याच्या सकाळी त्या तुटल्याचे फोन आम्हाला सगळ्यात जास्त येतात. आई-बाबा घरी आहेत तोवर त्यांनाही एवढं सांगून ठेवा: दार अडलं, वाकडं झालं किंवा नेहमीपेक्षा जड वाटलं, तर बटण पुन्हा दाबायचं नाही आणि दाराखालून जायचं नाही.