"आजच्या हेवीवेटपुढे अली टिकला नसता" या दाव्याला मुद्देसूद उत्तर

सध्या एका पोस्टमधून एक दावा खूप फिरतोय, बॉक्सिंग बघणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून गेला असेल. म्हणणं असं की जुने हेवीवेट आजच्या मानाने अगदीच लहान, जो लुई, मार्सियानो, फ्रेझियर, अगदी अलीसुद्धा आजच्या साडेसहा फुटी अडीचशे पाऊंडांच्या गड्यापुढे चार राऊंड उभा राहिला नसता, स्किल तर आता कुठल्या कुठे गेलंय, आणि जुन्यांची नावं आपण घेतो ती केवळ करिश्म्यामुळे. सोबत जुना मार्सियानो आणि आजचा टायसन फ्युरी शेजारी-शेजारी उभे केलेला फोटो. फोटो बघितला की कुणालाही पटतं. मला नाही पटत, आणि जुन्यांवर माझं प्रेम आहे म्हणून नाही, दाव्यातच मोठी भोकं आहेत म्हणून.

पहिला मुद्दा, आकार. जे खरं आहे ते आधी मान्य करतो. मार्सियानो 5 फूट 10 इंच, वजन 185 पाऊंडांच्या आसपास, 49 लढती 49 विजय, पण फ्युरी 6 फूट 9 इंच आणि 260 च्या वर. त्या लढतीत मी स्वतः मार्सियानोवर पैज लावणार नाही. पण पोस्टवाल्याने केलंय काय, की यादीतला सगळ्यात छोटा माणूस उचलला आणि त्याच्या मापाने सगळ्यांना मोजलं.

अलीचं माप बघा. उंची 6 फूट 3 इंच, रीच (पसरलेल्या दोन्ही हातांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) 78 इंच. 1966 मध्ये क्लीव्हलंड विल्यम्ससमोर वजन 212 च्या थोडं वर, 1974 ला किन्शासात फोरमनसमोर 216. आता आजच्या ओलेक्झांडर उसिकचं माप बघा. उंची 6 फूट 3 इंच, रीच 78 इंच, 2021 ला अँथनी जोशुआसमोर वजन 221, 2024 ला फ्युरीसमोर 223. म्हणजे उंची तीच, रीच तोच, वजनात पाच-दहा पाऊंडांचा फरक. आणि या माणसाने जोशुआला दोनदा हरवलं, फ्युरीला दोनदा हरवलं, 2025 मध्ये वेम्बलीत ड्युब्वाला पाचव्या राऊंडमध्ये झोपवलं. अलीच्या मापाचा माणूस आज टिकेल का, हा प्रश्न कल्पनेतला राहिलेलाच नाही, रिंगमध्ये पाच वेळा उत्तर मिळालंय.

रियाधमधली पहिली फ्युरी-उसिक लढत ज्यांनी बघितली नसेल त्यांनी नववा राऊंड तरी बघाच. तोवर फ्युरी उंचीचा पुरेपूर फायदा घेत होता, मधल्या राऊंडमध्ये पोटात मारून उसिकला त्रासही दिला होता. मग उसिकचा एक डावा थेट चेहऱ्यावर बसला आणि फ्युरीचे पाय गेले, एवढा मोठा देह या दोरीकडून त्या दोरीकडे झोकांड्या खात होता आणि उसिक त्याचा पाठलाग करत मारतोय, शेवटी दोरीनेच त्याला उभं धरलं म्हणून रेफ्रीने मध्ये पडून काऊंट दिला. हे घडलं कसं तर पायांनी. उसिक डावखुरा, त्याचा पुढचा पाय कायम समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर, पुढच्या हाताने सारखी हूल देत राहायचं, उंच माणूस त्या हुलीवर मागे झुकला की अर्धं पाऊल आत. हेच अर्धं पाऊल बारा राऊंड घेत राहायचं. उंच माणसाला लांबून मारायला जागा लागते, ती जागाच तो देत नाही.

वजनाचं अजून एक उदाहरण. फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर यांच्या 2018 च्या पहिल्या लढतीत वाइल्डर फक्त 212 पाऊंडांचा होता, फ्युरी 256, आणि तरी वाइल्डरने फ्युरीला दोनदा खाली पाडलं, नवव्यात आणि बाराव्यात. म्हणजे 1966 च्या अलीएवढंच वजन. वाइल्डर उंच आहे, 6 फूट 7 इंच, हे खरं, पण दावा वजनाचा आहे ना?

आणि उंची म्हणजे रीच नाही, हे तर कुणी लक्षातच घेत नाही. सॉनी लिस्टन जेमतेम 6 फूट 1 इंच, पण त्याचा रीच 84 इंच होता. फ्युरीचा 85. जवळजवळ फ्युरीएवढे लांब हात आणि त्यात लिस्टनची ताकद, हे कोडं अलीने 1964 मध्ये 22 व्या वर्षी सोडवलं, लिस्टन सातव्या राऊंडला स्टुलावरून उठलाच नाही.

याला जोडूनच येतं ते "हे सगळे आजचे क्रूझरवेट झाले असते". झाले असते की, मग? क्रूझरवेट हा हेवीवेटच्या लगेच खालचा गटच 1980 च्या सुमारास आला, आधी वजनाची मर्यादा 190 पाऊंड होती, 2003 नंतर 200 झाली, त्यामुळे जुन्या माणसाला तो शिक्का मारून काय सिद्ध होतं? होलीफील्ड, हेय, उसिक, तिघेही क्रूझरवेटमधूनच वर आले आणि तिघेही हेवीवेट चॅम्पियन झाले. हेयने 2009 मध्ये व्हॅल्यूएव्हला हरवलं तेव्हा हा 217 पाऊंड आणि तो 316 पाऊंड, सात फूट उंच. लढत रटाळ होती हे मान्य, पण जिंकला कोण ते बघा.

राक्षस तेव्हाही होते. 1919 ला टोलेडोत डेम्प्सी 187 पाऊंडांचा आणि विलार्ड 245 चा, पहिल्याच राऊंडमध्ये विलार्ड सात वेळा खाली. 1935 ला लुईने 260 च्या कार्नेराला सहाव्या राऊंडमध्ये संपवलं. आता इथे प्रामाणिकपणे सांगतो, कार्नेरा काही फार कसलेला बॉक्सर नव्हता, त्यामुळे लुईने कार्नेराला मारलं म्हणजे फ्युरीलाही मारलं असतं असं मी म्हणणार नाही. त्यातून एवढंच निघतं की नुसत्या आकाराला किंमत नाही. या दाव्याच्या बाजूने खरा दमदार मुद्दा दुसराच आहे आणि तो पोस्टवाल्याने मांडलाच नाही: लेनॉक्स लुईस किंवा व्लादिमिर क्लिचको यांच्यासारखा माणूस, ज्याच्याकडे साडेसहा फूट उंची आहे आणि वर कडक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आहे आणि जवळ आलात की अंगावर रेलून वजन टाकायची अक्कल आहे. हे जुन्या काळात खरंच नव्हतं. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठी घालून धरलेलं असताना, 250 पाऊंड मानेवर घेऊन पुन्हा पुन्हा उभं राहायचं म्हणजे पायातला दम आठवा राऊंड यायच्या आतच संपतो, फ्युरीने 2020 ला 273 पाऊंडांनी वाइल्डरचं हेच केलं. 200 च्या खालच्या माणसाला हे झेपणं फार अवघड.

दुसरा मुद्दा, स्किल पुढे गेलं. ट्रेनिंग पुढे गेलंय, आहार, जिम, व्हिडिओ, सगळं. स्किल वेगळी गोष्ट आहे, ते लढून येतं. अलीने एकट्या 1966 मध्ये पाच वेळा टायटल राखलं, शुव्हालो, कूपर, लंडन, मिल्डेनबर्गर, विल्यम्स. लुईने 25 वेळा राखलं. आज चॅम्पियन वर्षातून एकदा-दोनदा रिंगमध्ये दिसतो. टायटलच्या लढती 15 राऊंडच्या असायच्या, 1982 मध्ये लढतीनंतर बॉक्सर डुक कू किमचा मृत्यू झाल्यावर त्या हळूहळू 12 वर आल्या (ते योग्यच झालं), पण तेराव्या-चौदाव्या राऊंडमध्ये थकलेल्या पायांवर विचार करून लढणं हेही स्किलच आहे. 1941 मध्ये बिली कॉन लुईपेक्षा पंचवीस-तीस पाऊंडांनी हलका असून बारा राऊंडनंतर पुढे होता, तेराव्यात नॉकआऊट करायला गेला आणि लुईने त्याला तिथेच गाठलं.

आणि सगळे आजचे इतके पुढे गेलेत तर 2023 मध्ये काय झालं? एन्गानू, मूळचा MMA मधला फायटर, ज्याची ती पहिलीच प्रोफेशनल बॉक्सिंग लढत, त्याने तिसऱ्या राऊंडमध्ये फ्युरीला खाली पाडलं, आणि फ्युरी जिंकला तोही स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तिन्ही जजेसचं एकमत नसताना. जुन्यांमध्ये दोष नव्हते असं नाही. अली हात खाली ठेवायचा, सरळ मागे झुकायचा, आणि त्याची शिक्षा त्याला मिळाली, 1963 ला कूपरच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने), 1971 ला पंधराव्या राऊंडमध्ये फ्रेझियरच्या डाव्या हुकने. उसिक अशी चूक क्वचित करतो. अलीपेक्षा उसिकचा बचाव शिस्तीचा आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

तिसरा, करिश्मा, आणि हा मला सगळ्यात जास्त खटकला. करिश्म्यानेच नाव राहत असेल तर लॅरी होम्सचं कसं राहिलं? 1978 ते 1985 चॅम्पियन, 48 लढती अजिंक्य, हेवीवेटमधला कदाचित सगळ्यात सुंदर जॅब, आणि लोकांनी त्याला कधी जीव लावला नाही कारण तो अलीनंतर आला आणि वर थकलेल्या अलीला 1980 मध्ये त्यानेच मारलं. तरी आज कुठलीही गंभीर यादी काढा, होम्स त्यात आहेच. लुई तर मितभाषी माणूस. उलट आजच्यांमध्ये सगळ्यात जास्त बोलणारा, गाणारा, गाजणारा कोण, तर फ्युरी, आणि त्याला दोनदा हरवणारा उसिक त्यामानाने शांत. करिश्मा डोळ्यांवर पडदा टाकतो तो दोन्ही काळांत.

पण करिश्मा नुसता दिखावाही नाही. माइक टायसनचा करिश्मा म्हणजे धाक. 1988 ला मायकल स्पिंक्स, ज्याने होम्सला हरवलं होतं, तो 91 सेकंदांत संपला आणि रिंगमध्ये येतानाच त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मग फेब्रुवारी 1990, टोकियो, समोर बस्टर डग्लस, आई जाऊन महिनाही झाला नव्हता, त्या माणसाला त्या रात्री कसलीच भीती उरली नव्हती. जॅब मारत राहिला आणि दहाव्यात टायसन गुडघ्यांवर, मॅटवर माऊथपीस शोधतोय. टायसनचं माप त्या रात्री बदललं नव्हतं.

आता मला कुणी विचारलंच तर: मार्सियानो आणि डेम्प्सी आजच्या मोठ्यांपुढे नाही. 1966 चा अली विरुद्ध फ्युरी, अली पॉइंट्सवर. अली विरुद्ध लेनॉक्स लुईस, इथे मी वर्षानुवर्षं अडकलोय, कधी हा कधी तो. आणि जो लुई विरुद्ध जोशुआ, लुई, सातव्याच्या आत. 2019 ला रुइझने खाली पडून उठल्यावर आखूड, भराभर ठोशांनी जोशुआला चार वेळा पाडलं ते आठवा. तसे ठोसे जगात कुणी सगळ्यात चांगले मारले असतील तर ते लुईने.