अर्धी टोळी नेऊ नका

मागच्या आठवड्यात आमच्या लष्कर भागातल्या गल्लीत पिंजरेवाले आले आणि चार माकडं धरून नेली. गल्ली खूश आहे. मी नाही.

त्रास मलाही होतो. टाकीचं झाकण तीनदा बदललं, उन्हाळ्यात कुरडया वाळत घालणं तर आईनं सोडूनच दिलं. पण गेली कितीतरी वर्षं ही लाल तोंडाची टोळी मी गच्चीवरून बघतोय. नेलेल्या चारांत 'कानतुटी' होती. टोळीतली म्हातारी. निघायची वेळ झाली की ती कठड्यावरून पिंपळाकडे दोन पावलं जायची आणि थांबून मागे बघायची. आधी तिच्या लेकी उठायच्या, मग ज्या त्यांच्या उवा काढत बसायच्या त्या, मग बाकीच्या. तगडा नर बहुतेकदा शेवटी.

हे नुसतं माझ्या डोळ्यांचं नाही. केनियात म्पाला इथं २५ रानटी बबूनांच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या माकडांच्या, गळ्यात जीपीएस पट्टे घालून सेकंदासेकंदाची नोंद घेतली गेली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. कुणाच्या मागे जायचं, ते त्याच्या मानमरातबावर ठरत नव्हतं. दोघं थोड्या वेगळ्या दिशांना निघाले तर टोळी मधली वाट धरायची. दिशा फारच फाकल्या तर जिकडे जास्त जण, तिकडे. नामिबियातल्या बबूनांत मात्र, संशोधकांनी खाणं मांडून ठेवलं तेव्हा मुख्य नरच पुढे होता. बाकीच्यांच्या वाट्याला फारसं काही येत नव्हतं, तरी टोळी त्याच्या मागे जायची, आणि त्याच्याशी ज्यांची जवळीक जास्त, ते आधी. म्हणजे नुसत्या दांडगाईनं टोळी हलत नाही, नात्याचाही त्यात वाटा असतो.

आपल्या लाल माकडांत लेकी जन्मभर माहेरीच राहतात. घर सोडून जातात ते मुलगे. आजी, मावश्या, बहिणी, हाच टोळीचा कणा. पिंजऱ्यात जे सापडेल ते नेलं की नेमका तोच मोडतो. न्यायचीच असतील तर अख्खी टोळी एकत्र न्या. नाहीतर हिमाचलात करतात तशी नसबंदी करून जिथून धरली तिथंच सोडा. आणि मंगळवारी-शनिवारी केळी वाटणं आपणच थांबवायला हवं. हे मी माझ्या सख्ख्या काकूंनाही सांगितलंय, त्या रागावल्यात.

आज सकाळी थोरली लेक पिंपळाकडे दोन पावलं गेली, थांबली, मागे बघितलं. दोघी उठल्या. बाकीच्या टाकीवरच बसून राहिल्या. ती परत आली. मी नऊला कामाला निघालो तेव्हाही सगळ्या गच्चीवरच होत्या.