लिहायला शिकवता येतं

आज संध्याकाळी गावात एका मित्राच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पाहुणे बाहेरून आलेले, नाव मोठं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. बोलण्याच्या ओघात म्हणाले, "हल्ली लेखन कार्यशाळांचं पेव फुटलंय. लेखक जन्मावा लागतो, तो शिकवून तयार होत नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून जास्तच पडल्या, आणि त्या रांगेत आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीतले दोघे बसले होते. वाचनालयाचं सभागृह महिन्यातून एका रविवारी आमच्या लेखन कार्यशाळेला मिळतं. ते द्यायचं की बंद करायचं, हे पुढच्या आठवड्यात ठरवणारे हेच लोक.

मित्राचा कार्यक्रम होता म्हणून तिथे गप्प बसले. घरी आले, भाकरी टाकल्या, जेवणं झाली, तरी डोकं शांत होईना. म्हणून इथे लिहितेय, लांब होईल.

कुस्तीला वस्ताद लागतो हे कुणालाही सांगावं लागत नाही. अंगात ताकद जन्मतः असली तरी डाव कुणीतरी दाखवावाच लागतो. मग लिहिण्याच्या बाबतीतच हा हट्ट का? मला वाटतं, जे व्यासपीठावरून असं बोलतात त्यांना लिहायला शिकवलं गेलेलंच असतं. घरात पुस्तकांचं कपाट होतं, दर दिवाळीला अंक यायचे, कॉलेजात मराठीच्या सरांनी पहिली कविता वाचून दोन ओळी खोडल्या, कुणा काकांची संपादकांशी ओळख होती. ती सगळी कार्यशाळाच होती. तिची पावती फाडावी लागली नाही, एवढंच.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना यातलं काहीच मिळालं नव्हतं. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. नातीला कविता शिकायची होती म्हणून तिला घेऊन आल्या आणि मागे भिंतीला टेकून बसल्या. त्या रविवारी कथा होती. शिकवणारे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, दोन कथासंग्रह नावावर, बीड जिल्ह्याबाहेर फारसं कुणी ओळखत नाही. त्यांनी सगळ्यांबरोबर मावशींनाही कागद दिला. मावशी सातवी शिकलेल्या. बऱ्याच वेळाने तीन ओळी लिहिल्या. लग्न झाल्यापासून ऊसतोडीला गेले, खूप हाल झाले, देवाच्या दयेने दिवस काढले.

गुरुजींनी वाचलं आणि म्हणाले, "ताई, 'खूप हाल झाले' हे मीपण लिहीन. मला काय माहीत तुमचे हाल? एक दिवस घ्या उसाच्या फडावरचा. पहाटेपासून सुरू करा आणि रात्री झोपडीत, कोपीत निजेपर्यंत लिहा."

एवढंच. पाहुण्यांच्या मते जे शिकवता येत नाही, ते गुरुजींनी उभ्या उभ्या शिकवलं.

पुढच्या खेपेला मावशींनी अर्धी वही भरून आणली. रात्री दोनला गाडी भरायला उठवलं ते. बाळाची झोळी बाभळीला बांधून मोळ्या वाहिल्या ते. ताप आला म्हणून एक दिवस पडून राहिल्या तर टोळीच्या मुकादमाने खाडा धरला, म्हणजे गैरहजेरी लावून पैसे कापले ते. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशातून लेकीला घेतलेला फ्रॉक, त्याचा रंगसुद्धा. वाचून झाल्यावर कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "मावशी, आगाऊ घेतलेली उचल फिटली का शेवटी? मुकादमाच्या वहीत किती निघाले ते तुम्ही लिहिलंच नाही." मावशी म्हणाल्या, "ते लिहायचं असतं व्हय?" आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ते लिहून आणलं. माझ्या मते त्यांच्या लिखाणातलं सगळ्यात जोरकस पान तेच आहे.

आता सांगा, हे जन्मतः होतं की शिकवलेलं? अनुभव त्यांचा, शब्द त्यांचे. पण ते पान त्या पोराच्या प्रश्नाशिवाय कागदावर आलं नसतं.

आणि हे काही आजचं नाही. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शिकवून काही होत नसतं तर तो निबंध आज आपल्या हातात नसता. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून घरच्यांपासून लपवत लिहायच्या. वह्या तशाच पडून राहिल्या असत्या. फलटणमध्येच राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी छापायला पाठबळ दिलं आणि १९८६ साली 'जिणं आमचं' हे आत्मकथन पुस्तक म्हणून आलं. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, नवख्यांना पाठवली, त्यांच्या गझला तपासून दिल्या. एवढा मोठा कवी ज्याला बाराखडी म्हणतो, ती शिकवता येत नाही असं म्हणणारे आपण कोण?

आमच्याकडे गझल शिकवायला येतात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. मतला, काफिया, रदीफ, अलामत ही गझलेच्या रचनेची अंगं ते फळ्यावर अशी मांडतात की नववीतल्या पोरी बाकावर मात्रा वाजवत बसतात. एकांकिकेच्या रविवारी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एकाला तिकिटाचे उरलेले पैसे परत हवेत, दुसरा कंडक्टर, द्यायचे नाहीत, आणि दोघांनीही 'मला राग आलाय' म्हणायचं नाही. बालसाहित्याच्या ताई तर गोष्ट लिहून झाली की सगळ्यांना अंगणवाडीत नेतात. पोरं जिथे चुळबुळ करतात तिथे खूण करायची आणि घरी जाऊन तेवढं छाटायचं. नारदीय कीर्तन करणारे एक बुवा येऊन गेले. पूर्वरंगात विचार मांडून झाला की उत्तररंगात आख्यान कसं उचलायचं, लोक उठून जात नाहीत ते कशामुळे, हे त्यांच्याइतकं स्पष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

ही सगळी माणसं याच तालुक्यातली. मला हेच महत्त्वाचं वाटतं. मावशींनी 'खाडा' लिहिलं तेव्हा गुरुजींना त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. बाजारात मेथी घेताना भेटले तरी विचारतात, "वही कुठवर आली?" बाहेरून येणारा मोठा लेखक खूप काही देऊन जातो, ते आहे. पण तो रात्रीच्या गाडीने परत जातो, आणि वही अडते ती त्याच्या नंतरच्या मंगळवारी.

कार्यशाळांच्या नावाने दुकानं निघालीत, हेही मान्य. हजारो रुपये घ्यायचे, प्रमाणपत्र द्यायचं, वर आणखी पैसे घेऊन प्रातिनिधिक संग्रहात एक कविता छापायची. पाहुण्यांच्या डोक्यात बहुधा तेच असेल. मग तसं बोलायचं होतं. दुकानदारांवर बोला, मी पहिली टाळी वाजवेन. पण बोलणं लागलं ते मागे बसलेल्या मावशींना. हो, त्या आल्या होत्या. नातीला घेऊन आल्या होत्या.

सगळे लेखक होत नाहीत, हेही खरं. बरं मग? शाळेत गणित शिकणारे सगळे गणिती होतात का?

राग कशाचा येतो सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली तेव्हा याच गावात पेढे वाटले, मीही खाल्ले. साहित्य संमेलनाला सरकार कोट्यवधी रुपये देतं, द्यावेत, संमेलन व्हायलाच हवं. १९६७चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, राज्यात ११-१२ हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत, लहान लहान गावांतसुद्धा. प्रत्येकाकडे निदान एक खोली आणि चार खुर्च्या असतील. महिन्याचा एक रविवार दिला तर या भाषेत किती वह्या उघडतील याचा विचार करून बघा. आणि आमच्याकडे चर्चा काय, तर रविवारी साड्यांचं प्रदर्शन लावलं तर भाडं येतं. भाडं लागतं, कळतं मला. छत गळतं, ग्रंथपालांचा पगार काय असतो तेही ठाऊक आहे. पण बाकीचे रविवार आहेत ना? आमचा एक सोडून बाकीचे सगळे घ्या.

लिहिता लिहिता जरा निवळले. पाहुण्यांचं पुस्तक मी कॉलेजात असताना उशाशी घेऊन झोपायचे, ते प्रेम अजून आहे, म्हणून तर इतकं लागलं. ते पुन्हा इकडे आले तर त्यांना रविवारी घेऊन या. व्यासपीठ नको. त्यांना मावशींची वही वाचायला द्या आणि एक ओळ खोडायला सांगा. मला खात्री आहे, ते खोडतील, आणि बरोबर तीच ओळ खोडतील जी खोडायला हवी.

मावशींचं काही छापून आलेलं नाही. त्यांनी तसं म्हटलंही नाही कधी. आता त्या दुसऱ्यांचं ऐकतात. परवा एका पोरीने आजोबांवर लिहिलेलं वाचलं, 'आजोबा खूप प्रेमळ होते.' मावशींनी मागून विचारलं, "काय करायचे गं ते?"

तर मित्रहो, लाइक नकोत, पुढचं करा. जे वाचनालयाचे सभासद आहेत त्यांनी कार्यकारिणीला दोन ओळींचा अर्ज द्यावा. रविवार चालू ठेवा, एवढंच लिहायचं. हाताने लिहिलेला चालेल. बैठकीच्या दिवशी सहाला वाचनालयापाशी जमतोय. चालू वर्षाची वर्गणी भरलेली असेल तरच आत बोलू देतात, तेव्हा पावती शोधून ठेवा. नसेल तर उद्याच भरून टाका.